झाडून झाडून झिजलेली जमीन

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमधल्या माल्टन या बाजारगावापासून दहाएक किलोमीटरवर, खडूच्या दगडाच्या टेकड्यांमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे गाव आहे. आहे असे म्हणायचे ते नकाशाच्या भरवशावर, कारण प्रत्यक्षात तिथे छप्पर नसलेले एक चर्च, त्याच्या खालच्या अंगाला एक तळे, जवळच एकोणिसाव्या शतकातले एक रिकामे घर आणि बाकी सगळे गवत आहे. रस्त्याकडेला गाडी लावून चिखलाच्या वाटेने खाली उतरणारी बरीच मंडळी चर्चचे फोटो काढतात, तळ्याकाठी डबा सोडतात आणि आल्या वाटेने परत जातात. गाव वरच्या पठारावर राहून जाते. ते दिसत नाही असे नाही. ते पाहायचे कसे हे कुणी सांगितलेले नसते.

यॉर्कशरमधल्या माझ्या मुक्कामात मी तिथे वेगवेगळ्या ऋतूंत गेले आणि माझे मत असे झाले की व्हॅरम पाहावे ते हिवाळ्यातल्या दुपारी. उन्हाळ्यात गवत वाढलेले असते, सूर्य डोक्यावर असतो आणि सगळे पठार सारखेच हिरवे दिसते. हिवाळ्यात ऊन तिरपे येते, गवत मेंढ्यांनी कुरतडून जमिनीलगत आणलेले असते, आणि जेमतेम वीतभर उंचीच्या उंचवट्यालाही लांब सावली मिळते. मग ओळी दिसू लागतात. मधे खोलगट, वळत जाणारा पट्टा असतो; तो गावाचा रस्ता, शेकडो वर्षांच्या पायांनी, खुरांनी आणि पावसाच्या पाण्याने खाली गेलेला. त्याच्या कडेने एकाला एक लागून चौकोन आहेत, प्रत्येकाच्या चहूबाजूंनी मातीचा बुटका बांध. पुढच्या अंगाला घर आणि अंगण, मागे लांबट परडे. बांधाला जिथे खंड पडला आहे तिथून आत-बाहेर जाण्याची वाट होती. घराच्या जागी जमीन किंचित आयताकृती उंचावलेली आहे आणि नीट पाहिले तर लांबीच्या मध्यावर, समोरासमोर, दोन दारांच्या जागा ओळखता येतात. एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला गुरे किंवा कोठार, आणि छप्पर एकच.

गावाबाहेरच्या शेतांत सरी-वरंबे आहेत. मध्ययुगातल्या नांगरटीचे हे वरंबे सरळ जात नाहीत, टोकाकडे हलकेच वळतात आणि वरून पाहिले तर उलट्या लिहिलेल्या इंग्रजी 'एस'सारखे दिसतात. कारण साधे आहे. जड नांगराला चार जोड्या, म्हणजे आठ बैल जुंपलेले असायचे आणि एवढी लांबलचक रांग शेताच्या टोकाला जागच्या जागी वळत नाही. तिला आधीपासून वळवत आणावे लागते. आपल्याकडच्या काळ्या रानातला आठबैली नांगर ज्यांनी पाहिला होता त्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. व्हॅरमला त्या बैलांचे वळण जमिनीवर उमटून राहिले, कारण गाव उठल्यावर बराच काळ त्या शेतांत पुन्हा नांगर गेला नाही, मेंढ्या गेल्या. चराऊ रानाने जेवढा इतिहास जपला आहे तेवढा कुठल्याच दफ्तरखान्याने जपला नसेल.

या उंचवट्यांकडे गंभीरपणे पाहणारा माणूस पुरातत्त्वाचा नव्हता. मॉरिस बेरेसफोर्ड हे लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. १९४८ मध्ये ते व्हॅरमला प्रथम आले. त्या काळी इंग्लंडमध्ये ओस पडलेली मध्ययुगीन गावे फार थोडी, असा मोठमोठ्या इतिहासकारांचा समज होता. बेरेसफोर्ड कर-पट्ट्या, जुने नकाशे आणि केंब्रिजहून काढली जाणारी विमानातली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहत होते, आणि कागदावर कर भरणारे गाव पुढच्या शतकातल्या यादीतून नाहीसे झाले की त्या जागी जाऊन जमीन तुडवत होते. आज ही संख्या तीन हजारांच्या आसपास धरली जाते. १९५० मध्ये त्यांनी व्हॅरमला स्वतःच कुदळ घेतली. हेतू एवढाच की घरांखालून खापरे मिळावीत आणि गाव कधी उठले याची तारीख हाती लागावी. लवकरच जॉन हर्स्ट नावाचे तरुण पुरातत्त्वज्ञ त्यांच्याबरोबर आले, आणि तारीख शोधायला निघालेले हे काम १९९० पर्यंत, चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात काही आठवडे चालत राहिले. दरवर्षी विद्यार्थी, हौशी माणसे, निवृत्त शिक्षक असे लोक येऊन राहायचे. ते जे एक रिकामे घर म्हटले, तेच त्यांचे ठाणे.

हर्स्टनी खणण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत रिवाज असा होता की अरुंद चर खणायचे, भिंत लागली की तिच्या कडेने पुढे जायचे. किल्ल्याला किंवा मठाला हे चालते, कारण तिथली भिंत भिंतीसारखी असते. शेतकऱ्याच्या घराची भिंत म्हणजे खडूच्या ओबडधोबड दगडांची एखादी ओळ आणि वर माती. चर खणणाऱ्याच्या हातून ती केव्हा उचलून फेकली गेली हे त्यालाही कळत नाही. म्हणून डेन्मार्कमधल्या उत्खननांच्या धर्तीवर सबंध घराची जागा एकदम उघडायची, थर हलक्या हाताने एकेक करून काढायचा आणि प्रत्येक दगड जागच्या जागी कागदावर उतरवायचा, असे ठरले. एका घराला अशी वर्षानुवर्षे लागली. चाळीस वर्षांत गावाचा अगदी लहानसा भाग उघडला गेला. घाई नसणे हीच या कामाची खरी श्रीमंती होती. आजच्या अनुदानाच्या मुदतीत ते बसले नसते.

घरांत काय सापडले, यापेक्षा काय सापडले नाही हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. जमिनीवर जवळजवळ काही नव्हते. तुटकी खापरे, हाडे, लोखंडाचे तुकडे, टकळीच्या चकत्या, पात्यांना धार लावायचे दगड हे सगळे मिळाले ते अंगणात, परड्यात, बांधाच्या मातीत. घराच्या आत मात्र खडूची उघडी जमीन, आणि ती सपाट नाही. मधोमध ती खोलगट झाली होती, भिंतींकडे वर चढत गेली होती. उत्खनकांनी याचा जो अर्थ लावला तो मला पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका ओळखीचा वाटला की मी पान उलटायचे विसरले. ती जमीन झाडून झिजली होती. रोज, कदाचित दिवसातून अनेकदा, कुणीतरी ती झाडत होते. केरसुणीबरोबर खडूची थोडी भुकटी निघत होती, आणि वर्षे जाता जाता जमिनीला खळगा पडला होता. मध्ययुगीन शेतकरी म्हणजे चिखलात लोळणारा, जनावरांच्या शेणात झोपणारा माणूस, हे चित्र अजूनही सिनेमावाले आनंदाने रंगवतात. व्हॅरमच्या बायकांनी (बायकांनीच, असे मी धरून चालते) आपल्या बाजूचा पुरावा जमिनीतच ठेवून दिला आहे. घरात गोठा होता म्हणूनच तर इतके झाडावे लागत होते. जी घरे शेणाने सारवली जातात तिथे मोठ्या झालेल्या कुणालाही हे तर्कशास्त्र नवे नाही.

घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती पुरातत्त्वाच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एकाच जागेवर भिंतींचे पाये एकमेकांवर चढलेले, थोडे सरकलेले, कधी दिशा बदललेले दिसले. त्यावरून निष्कर्ष असा निघाला की ही घरे इतकी कच्ची होती की दर पिढीला ती पडत आणि नव्याने बांधावी लागत. गरीब शेतकरी, गरीब झोपडी. सगळे जुळून आले. १९८० च्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला आणि वेगळीच गोष्ट मांडली. घराचा भार भिंतींवर नव्हताच. मुळाशी वाकलेली मोठी लाकडे जोडीजोडीने उभी करून ती आढ्यापाशी एकमेकांना भिडवलेली असत आणि सगळे छप्पर या जोड्यांनी तोललेले असे. मधल्या भिंती केवळ वारा-थंडी अडवायला. त्या खराब झाल्या की काढायच्या, नव्या घालायच्या; वर छप्पर जसेच्या तसे. म्हणजे जे सतत पडणारे घर वाटले होते ते वास्तविक सतत दुरुस्त होणारे, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे घर होते, आणि ते उभारायला कसबी सुतार लागत होता. खापर तेच, दगड तेच, नकाशा तोच. बदलले ते एवढेच की शेतकऱ्याला चांगले घर परवडत असेल, ही शक्यता कुणीतरी मनात येऊ दिली.

गाव कसे उभे राहिले याबाबतही अपेक्षा उलटी पडली. जुने गाव म्हणजे हळूहळू, वेडेवाकडे, एका घराशेजारी दुसरे असे वाढलेले, असा सर्वसाधारण समज. व्हॅरमच्या पठारावर रोमन काळातली आणि त्यानंतरच्या शतकांतली विखुरलेली शेतघरे मिळाली, पण परड्यांच्या नीट ओळी नंतरच्या, आणि त्या आखून दिलेल्या. कुणीतरी, बहुधा जमिनीच्या मालकाने, दोऱ्या लावून भूखंड पाडले आणि लोकांना तिथे वसवले. नावातले पर्सी हे त्या मालकाचे घराणे. मालकाने वसवलेले गाव मालकच उठवू शकतो, ही गोष्ट पुढे येणारच आहे.

आधी चर्च. सेंट मार्टिनच्या या चर्चच्या भिंतींवर गावाची चढती आणि उतरती कळा दोन्ही वाचता येतात, त्यासाठी पाटीची गरज नाही. लहानशा वास्तूपासून सुरू होऊन ते बाराव्या-तेराव्या शतकांत दोन्ही बाजूंना रुंदावले. भिंत फोडून कमानी काढल्या आणि बाजूला दालने जोडली. पुढे माणसे कमी झाली तेव्हा ती दालने पाडली आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात. मात्र हे चर्च एकट्या व्हॅरमचे नव्हते, आसपासच्या आणखी चार गावांचेही होते, म्हणून गाव उठल्यावरही ते चालू राहिले. शेवटची प्रार्थना १९४९ मध्ये झाली. त्यानंतर छपराचे शिसे चोरीला गेले, आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. ज्या वास्तूने गावाच्या मागे साडेचारशे वर्षे तग धरला ती, बाजूला उत्खनन चालू असताना, दहा वर्षांत पडली.

गाव का उठले, हा प्रश्न तिथे येणारा प्रत्येक जण विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो: प्लेग. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे नेली, तेव्हा गाव एका वर्षात निर्मनुष्य झाले असेल, घराघरांत चूल तशीच राहिली असेल, असे चित्र सहज उभे राहते. आपल्याकडेही ओसाड पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, जागी गेले की अशीच कथा ऐकायला मिळते. दुर्गादेवीच्या दुष्काळात गाव बसले, कुणा गोसाव्याने शाप दिला, एका रात्रीत सगळे उठून गेले. आपत्ती एकदाची येते आणि गोष्ट संपते, म्हणून अशी कथा सांगायला सोपी असते.

कागद वेगळे सांगतात. प्लेगनंतर वीस वर्षांनी, १३६८ च्या सुमारास, व्हॅरममध्ये तीसेक घरे नांदती होती. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पर्सी घराण्याने हे गाव अदलाबदलीत हिल्टन घराण्याला दिले. १४५८ मध्ये घरे उरली होती सोळा. म्हणजे तीसची सोळा व्हायला नव्वद वर्षे लागली. या नव्वद वर्षांत कुठलीही एक तारीख दाखवून 'या दिवशी गाव मेले' असे म्हणता येत नाही. प्लेगमुळे सगळीकडेच शेतावर राबायला माणसे कमी पडू लागली होती, मजुरी वाढली होती, धान्याला भाव नव्हता, आणि चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या होत्या. टेकडीवरच्या पातळ मातीत राबणाऱ्या कुळाला खालच्या सपाटीवर, कमी खंडाने, बरी जमीन मिळत असेल तर तो का थांबेल? एखादा जातो. त्याचे परडे शेजारी आपल्या परड्याला जोडून घेतो. त्याच्या घराची लाकडे दुसऱ्याच्या गोठ्याला लागतात. गावाला सवय होते.

मालकाच्या बाजूने पाहिले तर हिशेब त्याहून सरळ होता. लोकरीला आणि कापडाला मागणी होती. नांगरटीला जितके हात लागतात त्याच्या मानाने मेंढ्यांना काहीच लागत नाहीत. एक धनगर आणि त्याचा कुत्रा शेकडो मेंढ्या सांभाळतो. सोळा कुळांचा खंड गोळा करण्यापेक्षा सगळे शिवार एकच कुरण केलेले बरे. इसवी सन १५०० च्या आसपास जी शेवटची चार कुटुंबे उरली होती त्यांना हिल्टनने बाहेर काढले. शेती मोडून मेंढ्या घालणाऱ्या जमीनदारांची चौकशी करण्यासाठी राजा आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी याने १५१७ मध्ये आयोग नेमला, त्याच्या नोंदींत व्हॅरमची ही चार घरे आली आहेत. आयोगाने नोंद केली. घरे परत उभी राहिली नाहीत. प्लेगला दोष दिला की या चार कुटुंबांना काढणारा माणूस सुटतो, आणि नुसता हिल्टनला दोष दिला की आधीची दीडशे वर्षे सुटतात, ज्यांत लोक आपल्या पायांनी, आपल्या हिशेबाने जात राहिले. व्हॅरमच्या गवतात मला या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, आणि त्यातली दुसरी अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे खलनायक नाही.

चर्चच्या आवारातून जवळजवळ सातशे माणसांचे सांगाडे निघाले. युरोपातल्या एखाद्या साध्या ग्रामीण वस्तीचा इतका मोठा समूह अभ्यासाला क्वचितच मिळतो. सायमन मेझ या अस्थितज्ज्ञांनी मुलांच्या हाडांची लांबी दातांवरून ठरवलेल्या वयाशी ताडून पाहिली तेव्हा दिसले की व्हॅरमचे चौदा वर्षांचे मूल आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढे होते. तरीही पुरुषांची सरासरी उंची १६९ सेंटिमीटरपर्यंत पोचत होती. म्हणजे वाढ थांबत नव्हती, रखडत होती, आणि उशिरा पुरी होत होती. हाडांतल्या नायट्रोजनवरून बाळांना दीड वर्षाच्या आसपास अंगावरून तोडत असत हेही कळले. एका चाळिशीच्या माणसाच्या कवटीवर जबर घाव आहे, आणि त्या जागी हाड काढून केलेली शस्त्रक्रिया आहे, आणि ती भरून आलेली आहे. हा माणूस इ.स. ९६० ते ११०० च्या दरम्यानचा. शहरापासून इतक्या दूर, बऱ्यापैकी हात बसलेला कुणी वैदू होता, इतके त्या कवटीवरून नक्की म्हणता येते.

गावातल्याच खड्ड्यांत, घरांच्या मधोमध, वेगळी हाडे मिळाली होती. १९६० च्या दशकात ती निघाली, पेट्यांत राहिली, आणि २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा वर्तमानपत्रांना मेजवानी मिळाली. १३७ हाडे, निदान दहा माणसे, अकराव्या ते चौदाव्या शतकांतली. त्यांत बायका आणि मुलेही. हाडे मेल्यानंतर तोडलेली, भाजलेली, सुरीच्या खुणा मुख्यतः डोके आणि मानेभोवती. मांस खाण्यासाठी तोडले असते तर खुणा सांध्यांशी आणि स्नायूंच्या जागी दाट असत्या. दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून (लहानपणी खाण्यापाण्यातून दातांत उतरणारे, त्या भागाच्या दगडामातीची खूण ठेवणारे मूलद्रव्य) ती माणसे याच परिसरात वाढलेली ठरली, त्यामुळे परक्यांवर राग काढल्याची शक्यताही मागे पडली. अभ्यासकांनी पुढे ठेवलेले अनुमान असे की मेलेला माणूस उठून गावात फिरू नये म्हणून त्याच्या देहाचा असा बंदोबस्त केला असावा. बाराव्या शतकात यॉर्कशरमध्येच राहणाऱ्या विल्यम ऑफ न्यूबर्ग या मठवासी इतिहासलेखकाने उठणाऱ्या मढ्यांच्या आणि ती जाळून टाकल्याच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. समंध आणि मुंजे यांच्यात वाढलेल्या मला यात फार चमत्कारिक वाटले नाही. मला त्या जागेचे वाटले: रोज झाडल्या जाणाऱ्या जमिनीपासून काही पावलांवर.

आपल्याकडे असे काम का नाही, हा विचार मनात येतो. साध्या माणसांची साधी घरे खणण्याची परंपरा महाराष्ट्राला आहे. घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, कणगी, चुली आणि घरातल्या जमिनीखाली पुरलेली मुले इतक्या बारकाईने उघडली की त्या गावातला भांडी घडवणारा आणि त्या गावाचा प्रमुख कुठे राहत होता हेही मांडता आले. पण ते गाव तीन हजार वर्षांपूर्वीचे. यादव काळातला किंवा बहमनी काळातला कुणबी कसा राहत होता हे आपण ताम्रपटांवरून आणि वीरगळांवरून सांगतो. त्याच्या घराची जमीन आपण फारशी पाहिलेली नाही. याला एक व्यावहारिक कारण आहे. त्याची पांढरी अजून नांदती आहे. गावठाणाच्या टेकाडावर घरांवर घरे चढली आहेत, आणि पायासाठी खणताना खापरे निघतात ती भरावात जातात. जी गावे बेचिराख म्हणून जनगणनेच्या याद्यांत शून्य लोकसंख्येसह अजून चालत आलेली आहेत, त्यांची पांढरी माती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून गाड्या भरून नेत आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

व्हॅरमहून पायवाटेने दक्षिणेला चालत गेले की थिक्सेन्डेल लागते. सेंट मार्टिनच्या पाच गावांपैकी एवढे एकच नांदते राहिले. टौथॉर्प, बर्डेल आणि रेस्थॉर्प ही इतर तिन्ही व्हॅरमसारखीच गवतात गेली. माती तीच, प्लेग तोच, लोकरीचा बाजार तोच. थिक्सेन्डेलला १८७० मध्ये स्वतःचे चर्च मिळाले. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, चहा-बिअरची एक जागा, भिंतीवर वाळत घातलेले चिखलाचे बूट. व्हॅरमच्या उत्तरांपैकी काही इथल्या घरांच्या जमिनीखाली असणार, कारण जे गाव टिकले त्याने काय केले हे कळल्याशिवाय जे उठले त्याने काय केले नाही हे नीट कळत नाही. मी एका वयस्क गृहस्थांना विचारले की इथे कुणी कधी खणले का. त्यांनी मान हलवली, आणि गेल्याच वर्षी मोरी दुरुस्त करताना परसात खूप खापरे निघाली होती, ती त्यांनी परत बुजवली, असे सांगितले.